उघड्यावरच्या ब्रूडरमध्ये कोंबडीची पिल्लं पहाटे कोपऱ्यात चेंगरून मरतात : कारण आणि उपाय

थंडी पडली की हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि जवळजवळ त्याच शब्दांत येतो. "ताई, रात्री दहाला बघितलं तेव्हा सगळी चांगली होती. सकाळी पडदा बाजूला केला तर कोपऱ्यात सात-आठ पिल्लं चपटी होऊन पडलेली. खात होती, पीत होती, हगवण नाही, काही नाही." पिल्लं साधारण तीन ते पाच आठवड्यांची असतात. घरातली जागा पुरेना म्हणून नुकतीच अंगणात, चार बांबू रोवून उभ्या केलेल्या तात्पुरत्या ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देऊन वाढवायच्या आडोशात, हलवलेली असतात. घरचे लोक एक बल्ब वाढवतात, एक-दोन रात्री बऱ्या जातात आणि मग एका पहाटे पुन्हा तेच.

हे थंडीतच का होतं याला बाजाराचं कारण आहे. आमच्या अकोले तालुक्यात, तिकडे संगमनेर-जुन्नर पट्ट्यातही, गावरान किंवा गिरिराज, वनराज, कावेरी अशा सुधारित जातींच्या कोंबड्याला सगळ्यात चांगला भाव मिळतो तो चैत्र-वैशाखातल्या जत्रांना. तोपर्यंत पक्षी विक्रीला यायचा तर पिल्लं मार्गशीर्ष-पौषात घ्यावी लागतात. म्हणजे ज्या दिवसांत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, नेमकी त्याच दिवसांत ती घराबाहेर काढायची वेळ येते.

माझं सांगणं असं की ऊब वाढवण्याआधी वारा अडवा. बहुतेक ठिकाणी बल्ब पुरेसा असतो. जमिनीलगत शिरणारा वारा, खालची ओल आणि ब्रूडरचे चार कोपरे ही तीन कारणं आधी बघायची, आणि याच क्रमाने. ही तीन तशीच राहिली तर बल्ब कितीही लावा, वरची हवा तापते आणि पिल्लांच्या पायाशी गारवा तसाच राहतो.

मेलेलं पिल्लू आधी हातात घेऊन बघा

उपाय करण्याआधी पिल्लू खरंच चेंगरूनच मेलंय ना, याची खात्री करा. चेंगरलेलं पिल्लू ओळखता येतं. अंग चपटं झालेलं, पिसं घाम आल्यासारखी ओली आणि अंगाला चिकटलेली, तोंड निळसर. पण वजन चांगलं आणि गळ्याखालची दाण्याची पिशवी भरलेली. बहुतेक वेळा कळपातली धष्टपुष्ट पिल्लंच यात जातात, कारण ती आधी कोपरा धरतात आणि बाकीची त्यांच्या अंगावर चढतात.

मागच्या बाजूला विष्ठा चिकटून वाळली असेल आणि पिल्लू हलकं लागत असेल तर ते एका रात्रीत मेलेलं नाही, आधीपासून गारठत आलेलं आहे. विष्ठेत रक्त असेल, पंख पाडून डोळे मिटून बसलेली आणखी पिल्लं दिसत असतील तर ती रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिऑसिस. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात आणि तुसाच्या ओल्या गादीवर ती हटकून येते आणि तिच्यावर औषधच लागतं. मान किंवा डोकं चावलेलं असेल तर मुंगूस. पाय कुरतडलेले असतील तर उंदीर नाहीतर घूस. डोक्याकडून लाळेने ओलं झालेलं, लांबट ओढल्यासारखं पिल्लू तसंच टाकलेलं दिसलं तर सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडून दिलंय. आणि पिल्लू मेलेलंही सापडत नाही, नुसती संख्या कमी होते, तर मांजर किंवा साप.

यातलं काहीही असलं तरी मेलेली पिल्लं उकिरड्यावर फेकू नका. खड्डा करा, चुना टाका, पुरा. कुत्र्याला एकदा त्या वासाची सवय लागली की ते ब्रूडर सोडत नाही.

आज रात्रीपुरतं काय करायचं

ज्यांची पिल्लं काल पहाटेच चेंगरली आहेत त्यांना सगळा ब्रूडर आज बदलता येणार नाही. म्हणून आजच्या रात्रीपुरतं एवढं करा. चारही कोपऱ्यांत पुठ्ठा वाकवून गोलाई द्या. पुठ्ठा नसेल तर कोपरा तुसाच्या उतरत्या ढिगाने भरून टाका. ब्रूडरच्या भोवती खालचे दीड फूट गोणपाट दुहेरी करून बांधा आणि त्याची खालची कड माती टाकून दाबा. आतला ओला तूस काढून कोरडा पसरा. पिल्लं शंभरच्या वर असतील तर मध्ये आडोसा घालून दोन गट करा, पन्नासाचा ढीग शंभराच्या ढिगाइतका मारत नाही. एक मंद दिवा रात्रभर चालू ठेवा. आणि पहाटे साडेतीनचा गजर लावून एकदा उठा. ढीग झालेला दिसला तर हात घालून वरची पिल्लं हलकेच बाजूला सारा, तळाची उचलून ऊब असेल तिकडे ठेवा. आरडाओरडा करायचा नाही, मोबाईलची बॅटरी एकदम डोळ्यांवर मारायची नाही, नाहीतर सगळी दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन तसाच ढीग करतात.

वारा कुठून येतो ते उदबत्तीने शोधा

माणूस उभा असतो. त्याला वारा तोंडावर आणि छातीवर कळतो. पिल्लाची पाठ तुसापासून तीन-चार बोटं वर असते आणि तिथली हवा वेगळी असते. डोंगराळ भागात रात्री थंड झालेली हवा उतारावरून खाली सरकते, अगदी पाण्यासारखी, आणि जमीन धरून सरकते. ओढ्याकाठी, बांधाच्या खालच्या अंगाला ती साचते. त्यामुळे "आमच्याकडे वारा नाहीच, पान हलत नाही" असं म्हणणाऱ्यांच्या ब्रूडरमध्येही खालून गार हवा वाहत असते.

हे बघायचा सोपा मार्ग आहे. पहाटे चारच्या सुमारास ब्रूडरजवळ उकिडवं बसा. एक उदबत्ती पेटवून आधी कमरेच्या उंचीवर धरा, मग पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर आणा आणि कडेकडेने सावकाश फिरवा. शेजारच्या वाडीतल्या एका वहिनींच्या ब्रूडरला तीन बाजूंनी ताडपत्री होती, चौथी बाजू घराची भिंत. बघणाऱ्याला वाटावं की कडेकोट बंदोबस्त आहे. वर धूर सरळ चढत होता. उदबत्ती खाली नेली तशी धुराची रेघ आडवी पडली आणि तुसावरून सरपटत थेट भिंतीच्या डाव्या कोपऱ्याकडे गेली. ताडपत्रीची खालची कड दोन बोटं उचललेली होती, तेवढीच फट. आणि रोज पिल्लं मरत होती ती त्याच डाव्या कोपऱ्यात. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे वाऱ्याने पळून पळून तिथं जात होती होय!" अगदी तसंच असतं. पिल्लं गार झोतापासून लांब सरकतात, कोपऱ्याच्या पुढे जागा नसते, आणि मागची पुढच्यांच्या अंगावर चढतात.

म्हणून पिल्लं रोज एकाच कोपऱ्यात मरत असतील तर वाऱ्याची फट समोरच्या बाजूला शोधा. कधी या, कधी त्या कोपऱ्यात मरत असतील तर वाऱ्यापेक्षा अंधार, घाबरगुंडी किंवा गर्दी याकडे बघा. मध्यभागी, बल्बच्या बरोबर खाली ढीग होत असेल तर मात्र खरंच ऊब कमी आहे.

खालचे दीड फूट बंद, वरचं मोकळं

वारा अडवायचा म्हणजे ब्रूडर डबाबंद करायचा असं नाही. प्लास्टिकने वरपासून खालपर्यंत गुंडाळलेल्या ब्रूडरमध्ये मी सगळ्यात जास्त हाल बघते. पिल्लांच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ प्लास्टिकला आतून धरते, पहाटे थेंब गळतात, तूस भिजतो आणि अमोनिया साचतो. वाकून पिल्लांच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर पिल्लांचे रात्रभर चुरचुरताहेत हे समजा. अशा हवेत पुढे सर्दी आणि घरघर ठरलेलीच.

खालचे दीड ते दोन फूट घट्ट बंद हवेत आणि छपराच्या खाली, वाऱ्याच्या उलट बाजूला, वीतभर पट्टा कायम उघडा हवा. खालच्या भागासाठी पत्रा चालतो, पण तो स्वतः गार पडतो आणि त्याला टेकलेली पिल्लं गारठतात. आमच्याकडे त्याहून चांगली वस्तू घरोघर आहे. कारवीचा किंवा तुराट्यांचा कूड बांधा आणि शेणमातीने दोन्ही बाजूंनी सारवून घ्या. सारवलेल्या कुडातून वारा येत नाही, तो पत्र्यासारखा गारही पडत नाही आणि खर्च जवळपास शून्य. बांबूच्या तट्ट्या असतील तर त्यांना बाहेरून गोणपाट शिवा. कूड जमिनीत चार बोटं गाडलेला हवा आणि त्याच्या पायाशी बाहेरून मातीचा बांध हवा, म्हणजे फटही राहत नाही आणि अवकाळी पावसाचं पाणीही आत येत नाही.

वरच्या जाळीला गोणपाटाचे पडदे लावा आणि ते खालून वर ओढायचे ठेवा. वरून खाली सोडायच्या पडद्याला उलटी अडचण असते. थोडी हवा द्यायला तो उचलला की पहिल्यांदा उघडतो तो नेमका खालचा भाग.

ब्रूडरची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. जागा अंगणातली जरा उंचवट्याची निवडा. घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीला लागून केलात तर फारच चांगलं, दिवसभर तापलेली भिंत रात्री बराच वेळ ऊब देते.

खालून येणारा गारवा

नुसत्या जमिनीवर दोन बोटं तूस टाकलेला असतो आणि वरून बल्ब. जमीन ती ऊब ओढून घेते आणि वर ओलही देते. आधी चार-सहा इंच मुरूम टाकून धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट करून घ्या, त्यावर थंडीत किमान चार इंच कोरडा तूस. भाताचा तूस आमच्या पट्ट्यात सहज मिळतो. जिथे मिळत नाही तिथे भुईमुगाची टरफलं किंवा रंध्याखालच्या लाकडाच्या सालपटी चालतात. बारीक भुसा नको, पिल्लं तो दाणा समजून खातात. मुठीत तूस घट्ट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओला आहे, लगेच सुटून पडला तर ठीक.

ओल बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्याभोवती सुरू होते. वाढत्या पिल्लांसाठी भांडं विटेवर ठेवा, पाण्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला यायला हवी. पिल्लं वाढतात तशी वीट वाढवायची. तूस रोज सकाळी ऊन आल्यावर खालीवर करा. ओला दिसला तर तेवढा काढूनच टाका, वरून कोरडा टाकून झाकू नका, कारण कॉक्सिडिऑसिस त्या झाकलेल्या ओलीतच वाढतो.

कोपरे, अंधार आणि घाबरणं

पहिले दोन-अडीच आठवडे पिल्लं गोल चिकगार्डमध्ये, म्हणजे भोवती उभ्या केलेल्या गोल बुटक्या कुंपणात, असतात तोवर चेंगराचेंगरी फारशी होत नाही. गार्ड काढून त्यांना चौकोनी ब्रूडरमध्ये सोडलं की पहिल्या काही रात्री सगळ्यात धोक्याच्या. गार्ड एकदम काढूच नका. दीड फूट उंचीच्या साध्या पत्र्याच्या आठ फुटी तीन पट्ट्या घेतल्या आणि एकमेकांवर चढवून चिमट्याने जोडल्या तर लहान वर्तुळापासून साडेसात फूट व्यासापर्यंत गार्ड हवा तसा मोठा करता येतो. शंभर पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापर्यंत तेवढं पुरतं. पुढे दहा फूट बाय दहा फूट जागा हवी, दर पिल्लाला एक चौरस फूट या हिशेबाने. तेव्हा गार्ड काढला तरी त्याच पट्ट्या चारही कोपऱ्यांत वाकवून उभ्या करा. कोपरा राहिलाच नाही तर ढिगाला आधार मिळत नाही.

वीज जाते तेव्हा ऊब जाते, पण त्याआधी उजेड जातो. जन्मापासून बल्बखाली राहिलेल्या पिल्लांनी अंधार बघितलेला नसतो. एकदम काळोख झाला की ती जिथे असतील तिथून एका बाजूला धावतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी तुम्ही जवळ उभे असताना अर्धा तास दिवा बंद करा, त्यांना सवय होऊ द्या. शिवाय वीज गेल्यावर आपोआप लागणारा चार्जिंगचा छोटा दिवा ब्रूडरमध्ये टांगून ठेवा. एवढ्या एका वस्तूने बऱ्याच जणींच्या घरच्या रात्री सुधारल्या आहेत.

लस टोचणं, जागा बदलणं आणि गार्ड काढणं ही तीन कामं एका दिवशी करू नका. हाताळलेली, बावरलेली पिल्लं त्या रात्री हमखास गोळा होतात. चौथ्या आठवड्याच्या शेवटी लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या (राणीखेत) लसीचा, दुसरा डोस येतो, त्याच्या आगेमागे दोन-तीन दिवस ब्रूडरमध्ये काहीही बदलू नका.

बसायला दांड्या द्या, हे लोक विसरतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जमिनीपासून पाच-सहा इंचांवर बांबूच्या दांड्या आडव्या बांधल्या की गावरान रक्ताची पिल्लं आपणहून चढतात. दर पिल्लाला तीन इंच जागा धरा. दांडीवर ओळीने बसलेली पिल्लं एकमेकांना टेकून ऊब घेतात, अंगावर चढत नाहीत.

मग आता ऊब

वारा, ओल आणि कोपरे नीट झाले की ऊब मोजायला अर्थ आहे. थर्मामीटर बांबूला नजरेच्या उंचीवर टांगलेला बघते तेव्हा मी तो आधी काढून तुसापासून तीन इंचांवर आणते, पिल्लांच्या पाठीजवळ. पहिल्या आठवड्यात तिथे ३५ अंश हवेत, नंतर दर आठवड्याला तीनेक अंश कमी. म्हणजे चौथ्या आठवड्यात साधारण २६. पंखांवर पिसं लवकर येतात म्हणून पिल्लू मोठं झाल्यासारखं दिसतं, पण पाठ आणि छाती भरायला पाच आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. तोवर बाहेर आठ-दहा अंश असताना त्याला स्वतःच्या अंगावर रात्र काढता येत नाही.

बल्बचा हिशेब थंडीत दर पिल्लाला दोन वॅटचा धरा. शंभर पिल्लांना शंभर वॅटचे दोन, तुसापासून दीड फुटावर. एकच मोठा लावू नका, तो उडाला तर सगळंच जातं. बल्ब म्हणजे तारेचा, पिवळ्या उजेडाचा. आता दुकानात पहिल्यांदा एलईडी पुढे करतात. नऊ वॅटचा एलईडी झगझगीत दिसतो, त्याने पिल्लांना ऊब मिळत नाही. तारेचे बल्ब मिळत नसतील तर अडीचशे वॅटचा इन्फ्रारेड दिवा घ्या. तो शंभर पिल्लांना पुरतो, फक्त पर्यायाची सोय हाताशी ठेवा. दिवा वायरवर लोंबकळत ठेवायचा नाही, साखळीने टांगायचा आणि भोवती तारेची टोपली लावायची. बल्ब तुसात पडून आगी लागल्या आहेत, तेव्हा यात कंटाळा नको.

गावाकडे आणखी एक गोष्ट होते जी बल्बकडे बघून कळत नाही. पहाटे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर शंभर वॅटचा बल्ब जवळजवळ एक तृतीयांश ऊब कमी देतो. बल्ब लाल, मंद दिसू लागला की तो खाली घ्या. साखळीला दोन-तीन ठिकाणी आकडे ठेवलेत तर हे झोपेतून उठूनही करता येतं.

वीज जाणारच हे धरून चाला. कोळशाची शेगडी किंवा भोकं पाडलेलं मडकं आपल्याकडे पूर्वापार वापरतात आणि ऊब चांगली मिळते, पण पडदे पूर्ण बंद करून आत शेगडी ठेवू नका. त्या धुराला वास असो वा नसो, त्याने पिल्लं गुदमरून मरतात आणि सकाळी तीही चेंगरल्यासारखीच वाटतात. निखारा राखेने झाकलेला हवा, भोवती जाळी हवी आणि वरचा पट्टा उघडा हवा. त्याहून बिनधोक म्हणजे तेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये कढत पाणी भरून, घट्ट झाकण लावून, गोणपाटात गुंडाळून तुसात आडवे ठेवायचे. एकदा भरले की दोन-तीन तास भागतं. पहाटेचा सगळ्यात वाईट वेळ तेवढाच असतो.

तिसऱ्या आठवड्यानंतरच्या पिल्लांसाठी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती विजेशिवायची उबेची पेटी. फळकुटांचा किंवा जाड पुठ्ठ्याचा सपाट माळा करा, चार फूट बाय तीन फूट, आणि तो विटांवर असा ठेवा की पिल्लं उभी राहिली की डोकं जेमतेम टेकू नये. वर जुनी गोधडी टाका. तीन बाजू गोणपाटाने बंद करा, चौथ्या बाजूला जुन्या लुगड्याच्या चिंध्या झालरीसारख्या सोडा. चिंध्या वेगळ्या वेगळ्या हव्यात, अखंड पडदा नको, म्हणजे हवाही खेळते आणि पिल्लं हवी तेव्हा आतबाहेर करतात. आत त्यांच्याच अंगाची ऊब टिकते, आणि माळा बुटका असल्यामुळे एकमेकांवर चढायला उंचीच नसते. शंभर पिल्लांना अशा दोन-तीन पेट्या लागतात. कडा आतून गोल करायला विसरू नका. पहिल्या दोन संध्याकाळी त्यांना हाताने आत घालावं लागतं, मग आपणच जातात.

जाळी आणि मुंग्या

जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली. षटकोनी एक इंची जाळीतून लहान साप सहज आत येतो आणि मुंगूस पंजा घालून पिल्लू ओढतो. जाळीची खालची पट्टी बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून मातीखाली घाला, उकरणारा प्राणी तिथेच अडकतो. वरूनही जाळी हवीच, दिवसा घार आणि कावळे असतात. लाल मुंग्यांसाठी ब्रूडरच्या बाहेरून राखेची रेघ ओढा आणि सांडलेलं खाद्य रात्री आत राहू देऊ नका.

एवढं करूनही मरत असतील तर

रात्री न चेंगरता दिवसाही पिल्लं मरत असतील, विष्ठा पांढरी किंवा रक्ताची असेल, मान वाकडी होत असेल, तर हा ब्रूडरचा प्रश्न राहिलेला नाही. ताजं मेलेलं पिल्लू प्लास्टिकच्या पिशवीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, किंवा १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करा. दुकानदार देईल ती पावडर पाण्यात टाकून वाट बघत बसू नका. एकदम खूप पक्षी मेले तर लगेच कळवा, लपवू नका. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा तिथल्या लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. उशिरा कळलेल्या रोगाची किंमत शेजाऱ्यालाही पडते.

ऊब तोडायची ती हळूहळू. पाचव्या आठवड्यात आधी दुपारची, मग संध्याकाळची बंद करा, पहाटेची शेवटी. पिल्लं रात्री दांडीवर किंवा तुसावर पसरून, एकेकटी मान पंखात घालून झोपलेली दिसू लागली की त्यांना बल्ब नको आहे. ऊन नसलेले ढगाळ दिवस आले तर दोन रात्री पुन्हा लावा.

बॅच बाहेर पडली की सगळा तूस शेणखताच्या खड्ड्यात काढा, मुरूम झाडून घ्या, कुडाला चुन्याचा हात मारा, पेट्या आणि गोणपाट कडक उन्हात टाका आणि पुढची पिल्लं आणण्याआधी जागा दोन आठवडे मोकळी ठेवा. आखाडाला कोंबडे हवे असतील तर पुढची बॅच फाल्गुनात येते. तेव्हा हाच ब्रूडर चालतो, फक्त वरचे पडदे दिवसा पूर्ण उघडे ठेवायचे आणि छपरावर उसाचं पाचट टाकायचं.